कोळशातल्या सासूबाई

मी जालन्यातल्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे फळ्यावर कलश, कैरी आणि मोर काढायचे, आणि वर्गातल्या साठ मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या. शिवाय स्नेहसंमेलनाचा पडदा, व्हरांड्यातले सुविचार, पाहुणे येणार असले की दाराशी रांगोळी, आणि एकदा तर मुख्याध्यापकांच्या मुलीच्या रुखवतावरच्या पाट्या. औरंगाबादला शिकत होते तेव्हा वाटायचं, आपण चित्रं काढणार. नोकरीला नऊ वर्षं झाली तरी माझं म्हणावं असं एकही चित्र घरात नव्हतं. याचा मला भयंकर राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा हे ठरत नसल्यामुळे बहुतेक वेळा नवऱ्यावर निघायचा.

लोक मला ओळखायचे ते वेगळ्याच कामासाठी. आमच्या भागात माणसाचं मोठं रंगीत चित्र एकदाच होतं, ते म्हणजे तो गेल्यावर. वर्षश्राद्धाच्या आधी घरचे लोक एखादा चुरगळलेला फोटो घेऊन यायचे आणि मी त्याच्यावर चौकटी आखून तो मोठा करून द्यायचे. जन्मभर बंडी घातलेल्या म्हाताऱ्याला कोट चढवायचा, बाईच्या गळ्यात कधीच नसलेली बोरमाळ घालायची, हे सगळं मी मुकाट्याने करत असे. चित्र भिंतीला लागलं आणि पुढे उदबत्ती लागली, की तो माणूस आता नाही हे बघणाऱ्याला सांगावं लागत नसे. जिवंत माणसाचं चित्र मला कधी कुणी सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला शाळेत एक पत्रक आलं. औरंगाबादला कलाशिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन होणार होतं आणि चित्र द्यायला चार महिने होते. मी ठरवलं, एक चित्र करायचं. तैलरंगात, अख्ख्या देहाचं आणि जित्याजागत्या माणसाचं. ते नीट झालं तर मी चित्रकार आहे असं निदान स्वतःला तरी सांगता आलं असतं. नाहीतर मोर होताच.

पण समोर बसणार कोण? नवरा पाटबंधारे खात्यात कारकून. त्याला बसवलं तर तो पाच मिनिटांत पेपर उघडायचा आणि दहाव्या मिनिटाला घोरायचा. शाळेतल्या मुलींना बसवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले असते. राहता राहिल्या सासूबाई.

त्या मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या. शेती थोरले दीर बघायचे. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून जालन्याला आल्या आणि राहिल्या. त्या राहिल्या म्हणून माझी नोकरी राहिली, हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कधी तोंडाने म्हटलं नाही. पहाटे चारला उठायच्या. पाणी, भाकरी, मुलांच्या आंघोळी, दळण, निवडण. आमचं भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं. दूध तापवलं का, सिलिंडर संपलं का, एवढंच.

"आत्याबाई, तुमचं चित्र काढायचंय. बसाल का?" मी एका रविवारी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आत्ताच? मी हाये की अजून."

शाळेसाठी आहे असं खोटंच सांगितलं तेव्हा त्या आत गेल्या आणि अर्ध्या तासाने ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल चोपडून बाहेर आल्या. खुर्चीवर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे ताठ, श्वास कोंडलेला. मी तीन कागद काढले. तिन्हीत त्या पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसवल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं झालं, छान आलंय, आणि कागद फाडून टाकले.

त्यानंतर मी त्यांना विचारलंच नाही. त्या काम करत असताना पाच हातांवर बसून काढायला लागले. कोळसा घरचाच. गावाकडून जळणाला तुराट्या यायच्या. त्यातल्या बोटाएवढ्या सरळ बघून एका रिकाम्या डालड्याच्या डब्यात ठासायच्या, झाकण मातीने लिंपायचं आणि डबा चुलीत ठेवून द्यायचा. निवल्यावर उघडला की आत मऊ काळ्या कांड्या तयार. कागद म्हणजे शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांची कोरी बाजू. खोडायला कणकेचा गोळा. कणीक कोळसा छान टिपून घेते, पण ती काळी झालेली बघून सासूबाईंच्या जिवाला लागायचं. "अन्नाची नासाडी कोन्त्या शाळेत शिकवतेत?" असं त्या भिंतीला विचारायच्या.

हलणाऱ्या माणसाचं चित्र काढताना नाकडोळ्यांच्या मागे लागून चालत नाही. तोवर माणूस उठून जातो. कांडी आडवी धरायची आणि भार कुठे आहे तेवढा पकडायचा. वाकलेल्या पाठीची एक रेघ, कंबर कुठे टेकली आहे, कोणता खांदा खाली आहे. कागदाकडे बघायचंच नाही. पहिला महिना मला काही जमलं नाही, कारण हाताला चौकटींची सवय होती. मग हळूहळू रेघ सैल व्हायला लागली. भाकरी थापताना त्यांचा डावा खांदा वर जातो, चालताना उजव्या पायावर जोर देतात, हे मला पाच वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. साठ-सत्तर कागद झाले. नासत आलेलं दूध पाण्यात पातळ करून मी ते तोंडाने त्यांच्यावर फुंकायचे, म्हणजे कोळसा झडत नाही. घरभर आंबूस वास.

त्यातल्या एका कागदावर मी थांबले. दुपारचे तीन वाजले असतील. त्यांची ज्वारी पाखडून झाली होती. सूप बाजूला सारून त्या पत्र्याच्या कोठीला टेकल्या, एक पाय लांब केला, एक हात गुडघ्यावर आणि दुसरा फरशीवर उताणा पडलेला. बोटं जराशी वळलेली. डोळे उघडे होते, पण त्या कशाकडेच बघत नव्हत्या. दिवसात अशा त्या फार तर पाच मिनिटं बसायच्या. मला एक मिनिट मिळालं. सात-आठ रेघा असतील. चेहऱ्याच्या जागी नुसता अंगठ्याने पुसलेला काळा. संध्याकाळी नवऱ्याने तो कागद टेबलावर बघितला आणि चहा पिता पिता म्हणाला, "माय किती थकली गं."

मी सुताराकडून पुरुषभर उंचीची चौकट करून घेतली, तिच्यावर मांजरपाट ताणला आणि सरस-खडूचा हात दिला. मग सवयीप्रमाणे त्या कागदावर चौकटी आखून चित्र मोठं केलं आणि हातोहात मारून टाकलं. प्रत्येक रेघ जागच्या जागी होती आणि बाई लाकडाची. ते सगळं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी कोळशाची कांडी एका लांब तुराटीला बांधली, चार पावलं मागे उभी राहिले आणि कागद न बघता अख्खा हात फिरवून काढलं. दंड दुखायला लागला, पण पाठीची ती रेघ आली. वर पातळ रंग दिला, पिवळी माती, तांबूस, लुगड्याचा विटका हिरवा. कोळसा जिथे खालून दिसत होता तिथे तसाच ठेवला. मला इतका आनंद झाला की मी शाळेत दोन मुलींना विनाकारण पैकीच्या पैकी गुण दिले.

चित्र बाहेरच्या खोलीत भिंतीला उभं होतं. चौथ्या दिवशी सासूबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही मी हाये?"

"हो."

"अन् काय करून राह्यले मी?"

"काही नाही. बसलात."

"तेच म्हन्ते. रिकामी काहून काढली? चार लोकं बघतीन. म्हनतीन, म्हातारी लेकाच्या घरी दिवसभर लोळून राह्यली. हातात काही तरी दे माह्या. सूप दे."

मी समजावून बघितलं. नवऱ्यानेही त्यांचीच री ओढली. म्हणाला, आईला बरं वाटत असेल तर एक सूप काढायला तुझं काय जातं? मला खूप बोलायचं होतं. पण त्यांचीच पाठ, त्यांचाच पाय, आणि त्यांच्याच जिवावर माझी शाळा, मग कोणत्या तोंडाने बोलणार? मी सूप काढलं. फरशीवर पडलेला हात उचलून सुपाच्या कडेला लावला, गुडघ्यावरचा दुसऱ्या कडेला. सूप सुंदर आलं, विणीसकट. सासूबाई बघून म्हणाल्या, "आता बराबर." आणि चित्र मेलं. टेकलेल्या पाठीची बाई पाखडू शकत नाही, आणि पाखडणारी बाई अशी टेकत नाही. मी आठवडाभर खांदे सारत बसले. चित्र द्यायला दहा दिवस उरले होते.

टर्पेंटाइनच्या वासाने सासूबाईंचं डोकं चढायचं. म्हणून रोज सकाळी त्या चित्रापुढेच फरशीवर उदबत्ती लावायच्या. त्या मंगळवारी अंगारकी होती. त्या शेजारणींबरोबर पहाटेच राजूरला गणपतीला गेल्या. जाताना मला बजावलं, घर बंद राहील, वास कोंडेल, उदबत्ती लाव. शाळेत जाताना मी चित्रापुढे दोन उदबत्त्या लावल्या, खिडकी उघडी ठेवली आणि कुलूप घातलं.

त्याच दिवशी गावाकडचा एक माणूस आमच्यासाठी ज्वारीचं पोतं घेऊन आला. दाराला कुलूप, शेजारच्या दोन्ही दारांना कुलूप. त्याने खिडकीतून आत बघितलं. समोर भिंतीला सासूबाईंचं भलंमोठं रंगीत चित्र, पुढे उदबत्त्यांचा धूर. त्याने पोतं ओट्यावर ठेवलं, हात जोडले आणि मिळेल त्या गाडीने गाव गाठलं. संध्याकाळपर्यंत पिंपळगावात सासूबाई वारलेल्या होत्या. इकडे त्यांना राजूरहून यायला उशीर झाला, आल्या आणि दोन घास खाऊन झोपल्या.

बुधवारी सकाळी नवरा अर्धी दाढी करून आरशासमोर होता, मी डबे भरत होते. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचा हेल. आमच्याकडे मयताच्या घरी जाताना रडणं गल्लीच्या तोंडापासून सुरू होतं. तोंडावर पदर आणि मोठ्याने आठवणी. सासूबाई मोरीवर भांडी घासत होत्या. राखेने भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"कोन गेलं गं?"

"कळत नाही."

त्यांनी कान दिला. "हा तर थोरलीचा आवाज! अगं बाई, माह्याच घरचं कोनी तरी गेलं!" आणि त्यांनी कपाळावर हात मारला, उंबऱ्यात बसल्या आणि रडायला लागल्या.

बायका ओट्यापाशी आल्या. चौघी-पाचजणी, सगळ्यांच्या तोंडावर पदर. पुढे थोरल्या जाऊबाई. "कोन आता पहाटंचं दळन करील वोऽ! कोन पानी भरील वोऽ! माह्या लेकरायला कोन न्हाऊ घालील! खुरपायला कोन पुढं राहील, भाकरीची पाटी कोन नेईल वोऽ!" एक थांबली की दुसरी उचलायची. शेण, गोवऱ्या, बाळंतपणं, उन्हाळ्यातले पापड. सासूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या आणि मनापासून रडत होत्या. मी काही बोलायच्या आत जाऊबाई पुढे झाल्या आणि रीतीप्रमाणे समोर जी बाई बसली होती तिच्या गळ्यात पडल्या. दोघी एकमेकींना धरून बराच वेळ रडल्या. मग जाऊबाईंनी पदर सारून बघितलं आणि किंचाळून ओट्यावरून खाली उडी मारली.

"माय?" दीर मागून पुढे आले. "तू हायेस?"

"मंग कुठं जाऊ? कोन गेलं ते सांग आधी."

"तूच गेल्ती ना!"

उलगडा व्हायला अर्धा तास लागला. पोतं आणणारा माणूस टेम्पोच्या आड उभा होता. त्याला खिडकीपाशी आणून पुन्हा दाखवायला लावलं. मी हसत होते, मला आवरत नव्हतं, आणि त्यामुळे दिरांचा सगळा राग माझ्याकडे वळला.

"जित्या मानसाचं असं काढतेत का कुठं? वर उदबत्त्या! हे बिलकुल घरात न्हाई पाह्यजे. पुसून टाका जल्दी, माह्या डोळ्यांदेखत."

नवऱ्याने फेसाळलेल्या गालाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझं हसू गेलं. चार महिने, साठ-सत्तर कागद. पण खरी गोष्ट अशी की ते चित्र मेलेलंच होतं, आणि ते मला माझं म्हणून औरंगाबादला नेववत नव्हतं. मी खाटेखालची चिंधी घेतली आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली.

"ठेव ते," सासूबाई म्हणाल्या. "आधी ह्या लोकायला जेवाया घाल. पहाटंपासून उपाशी हायेत."

घालणार कोण, तर त्याच. मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि हाताखाली उभी राहिले, पण भाकऱ्या त्यांनी थापल्या, डावा खांदा वर करून. पिठलं, ठेचा, कांदा. चौदा माणसं पोटभर जेवली. जाऊबाई तर रडून रडून दमल्यामुळे दोन भाकरी जास्तच जेवल्या. निघताना दिरांनी पुन्हा चित्राचं काढलं.

"बघू संध्याकाळच्याला," सासूबाई म्हणाल्या. "निघा आता तुमी. ढोरं वाट पाहत असतीन."

टेम्पो गेला. मी आत भांडी आवरली. बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. नवरा आतल्या खोलीत आडवा झाला होता. सासूबाई कोठीला टेकून बसल्या होत्या, एक पाय लांब. मी चित्रासमोर उभी राहिले, तेव्हा त्या बोलायला लागल्या. माझ्याशी इतकं त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या.

"मी उंबऱ्यात बसून ऐकून राह्यले व्हते. दळन कोन करील, पानी कोन भरील, भाकरी कोन नेईल. मला वाटलं, थोरलीकडं कामाला लावलेली एखादी बाई मेली. म्हनलं, लई राबली बिचारी. मला लई रडू आलं तिचं."

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला होता, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला होता की उद्या मुलांचे डबे कोण करणार. त्या टेम्पोतून मी उतरले असते तर हेच रडले असते, आणि माझं जाऊबाईंपेक्षा लांबलं असतं. मला स्वतःची शरम वाटली. ती मी त्यांच्याजवळ बोलून दाखवली नाही, हेही खरं.

"त्ये सूप काढ माह्या हातातलं," त्या म्हणाल्या.

"भाऊजी तर चित्रच पुसा म्हणाले."

"त्याला काय कळतंय. सूप काढ फक्त."

"मग हात रिकामे दिसतील, आत्याबाई."

"दिसू दे."

सुपाचा रंग आठवड्याचाच होता, आतून ओला. सुरीने खरवडला आणि चिंधीने पुसत गेले. मांजरपाटावर खालून जुना कोळसा वर आला, फरशीवर उताणा पडलेल्या हाताची ती पहिली रेघ, थोडी फिसकटलेली. खांदा आपोआप खाली आला. पाठीला पुन्हा भार आला. बोटं मात्र पार गेली होती, ती बघून काढायला हवी होती. मी त्यांच्याकडे बघितलं. मी बघते आहे हे त्यांना कळलं. त्यांनी लुगडं सारखं केलं नाही, मान ताठ केली नाही. हात फरशीवर होता तसाच राहू दिला. मी पुन्हा कोळसा घेतला आणि त्यांच्याकडे सरळ बघून, सावकाश काढायला लागले.

आतून नवरा उठल्याचा आवाज आला. चार वाजून गेले होते.

"माय, चहा झाला का गं?"

"तुझा तू कर," सासूबाई म्हणाल्या. हात त्यांनी हलवला नाही. "मी बसले हाये."